घरचा कचरा कशात, कुठे आणि किती वेळ ठेवायचा? सांगली-मिरज-कुपवाडमधून वारंवार येणारे प्रश्न

घंटागाडी दारात जेमतेम दोन मिनिटे थांबते. बाकी सगळा वेळ कचरा आपल्याच घरात, जिन्याखाली नाहीतर पार्किंगमध्ये असतो आणि त्याचे पुढे खत होणार की डेपोवर ढीग, हे तिथेच ठरते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा आधार केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम आणि राज्याची प्लास्टिकबंदी हा आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरात नेमके किती डबे ठेवायचे? ओला आणि सुका एवढे दोन पुरत नाहीत का?

आता पुरत नाहीत. २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. सॅनिटरी पॅड आणि डायपर गुंडाळून सुक्यातच द्यायचे होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (औषधे, सुया, बल्ब, सेल, कीटकनाशके असा).

म्हणून चार मोठे डबे आणायला धावू नका. रोज भरतो तो फक्त ओल्याचा डबा. सुक्याला एक पोते पुरते. सॅनिटरीसाठी बाथरूममध्ये झाकणाचा छोटा डबा ठेवावा, आणि विशेष काळजीच्या कचऱ्याला माळ्यावर किंवा कपाटावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी एक खोके. हे खोके भरायला महिने लागतात.

२. ओल्या कचऱ्याचा डबा केवढा घ्यावा?

चार-पाच माणसांच्या घरात रोज साधारण एक ते दीड किलो ओला कचरा निघतो. त्याला १० ते १२ लिटरचा डबा भरपूर झाला. मोठा डबा घेतला की ‘अजून भरला नाही’ म्हणून दोन-तीन दिवस तसाच राहतो आणि घाण वास तिथूनच सुरू होतो.

घेताना तीन गोष्टी बघा. झाकण घट्ट बसले पाहिजे. आतला तळ गोलसर हवा, कारण काटकोनी कोपऱ्यात खरकटे अडकते आणि घासूनही निघत नाही. कडी मजबूत हवी. सफाई कामगार दिवसभरात शेकडो डबे उचलून उलटे करतो, आणि तुटक्या कडीचा डबा त्याच्या अंगावर सांडतो.

ऑइलपेंटचा जुना पत्र्याचा डबा मात्र यासाठी वापरू नका. पत्रा आतून गंजतो आणि त्याची कड हात कापते.

३. हिरवा आणि निळाच रंग हवा का? आमच्याकडे दोन्ही लाल बादल्या आहेत.

हिरवा ओल्यासाठी आणि निळा सुक्यासाठी ही जोडी आता सगळ्यांना पाठ झाली आहे, म्हणून सार्वजनिक ठिकाणी आणि सोसायटीच्या सामाईक जागेत तीच ठेवावी. घरातल्या बादलीचा रंग कोणताही असला तरी झाकणावर ऑइलपेंटने ठळक ‘ओला’ किंवा ‘सुका’ लिहा. पाहुणे, भाडेकरू आणि कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांचीच गफलत टळते.

४. काही वस्तूंचा घोळ कायम होतो. कोणती कशात टाकायची?

चहाचा चोथा, अंड्याची टरफले, मासे-मटणाची हाडे, खरकटे, हार-फुले आणि पानांच्या पत्रावळ्या ओल्यात जातात. हारातला दोरा आणि जरीची फीत आधी काढा. चहाची पुडी कागदाची दिसली तरी आतून चकचकीत असेल तर ती सुक्यात.

चांदीच्या रंगाचा थर असलेल्या कागदी पत्रावळ्या सर्वांत जास्त फसवतात. त्या कुजत नाहीत. त्यावरचे अन्न ओल्यात झटका आणि पत्रावळ सुक्यात टाका. तेलाने माखलेला भडंगाचा किंवा वड्याचा कागद रद्दीत घालू नका. नुसता कागद असेल तर तो फाडून ओल्यात घालावा.

शहाळी आणि नारळाच्या करवंट्या कुजणाऱ्या असल्या तरी त्यांना फार वेळ लागतो, म्हणून त्या वेगळ्या पिशवीत द्या. शहाळे चिरूनच ठेवा. न चिरलेल्या शहाळ्यात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण वाढायला सात ते दहा दिवसच घेतो.

फुटलेली काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घाला, वर ‘काच’ लिहा आणि कामगाराच्या हातात देताना तोंडानेही सांगा.

५. डब्याला आतून प्लास्टिकची पिशवी लावली तर चालेल का?

नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, हँडल असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. घनकचरा हाताळण्यासाठीच्या, कुजणाऱ्या (कंपोस्टेबल) प्रमाणित पिशव्यांना सूट आहे आणि तसे त्या पिशवीवर छापलेले असते. नुसते ‘इको फ्रेंडली’ किंवा ‘बायो’ लिहिलेले पुरेसे नाही.

पिशवी लागतच नाही. वर्तमानपत्राची दोन पाने तळाला आणि एक पान कडेने उभे लावले की ओलावा शोषला जातो आणि डबा उलटा केल्यावर कचरा एकदम सुटून पडतो. गाठ मारलेली पिशवी कामगाराला फोडावी लागते. त्याला तेवढा वेळ नसतो, म्हणून आतल्या ओल्या कचऱ्यासकट ती तशीच जाते आणि खताच्या कामाची राहत नाही.

६. डबा घरात ठेवावा की बाहेर? बाहेर ठेवला तर कुठे?

स्वतःच्या हद्दीत कुठेही, सावलीत आणि पाऊस लागणार नाही असा. रस्त्यावर, फुटपाथवर किंवा शेजाऱ्याच्या भिंतीला लावून नाही. काही जागा विशेष टाळाव्यात.

गटाराच्या चेंबरवर डबा ठेवू नका. तो कलंडला की कचरा सरळ गटारात जातो. गटार तुंबले नाही, तरी सांगलीत त्यातले बरेचसे पाणी शेरी नाल्यात आणि तिथून कृष्णेत पोचते.

विजेच्या मीटरखाली किंवा महावितरणच्या डीपीजवळ सुका कचरा साठवू नका. एक ठिणगी पुरते. अपार्टमेंटमध्ये मीटरची खोली रिकामी दिसते म्हणून रद्दी आणि खोकी तिथेच रचली जातात. आग लागली तर मीटरच्या जागेतून ती जिन्याच्या वाटेने वर चढते. जिन्याखालची जागाही याच कारणाने नको.

स्वयंपाकघरात ओट्याखाली सिलिंडर असेल तर त्याच्या शेजारी कागद-प्लास्टिकचे पोते ठेवू नये.

७. आम्ही गावभागात राहतो. दार थेट बोळात उघडते, अंगण नाही. डबा ठेवायचा कुठे?

रात्रभर दाराबाहेर ठेवणे हा उपाय नाही. कुत्री डबा पाडतात आणि बोळभर पसरलेले सकाळी कुणीच उचलत नाही. बोळ अरुंद असेल तर रात्री दवाखान्यात निघालेल्या रिक्षालाही तो डबा अडवतो.

अशा घरांत १० लिटरऐवजी ५ ते ७ लिटरचा डबा वापरून तो रोज रिकामा करावा. मोरीच्या कडेला, जमिनीपासून हातभर उंच कठड्यावर ठेवला की घुशी आणि झुरळे लागत नाहीत. सुक्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला खुंटीला पोते टांगा.

फाटकाला किंवा खांबाला पिशवी अडकवून ठेवण्याची पद्धत बऱ्याच भागांत आहे. गाडी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अडकवली तर ठीक, आदल्या रात्री नाही. गाय-म्हैस पिशवीसकट खरकटे खाते. ते प्लास्टिक तिच्या पोटातून पुढे सरकत नाही आणि जनावर त्यानेच दगावते.

८. आम्ही दोघेही नोकरीला. गाडी येते तेव्हा घराला कुलूप असते. मग?

शेजाऱ्यांशी बोलून डबा त्यांच्या फाटकाच्या आत ठेवणे हाच सर्वांत टिकाऊ मार्ग आहे. ते गावाला गेले की त्यांचा डबा तुम्ही द्यायचा. सोसायटीत हा प्रश्न येत नाही (प्रश्न १४).

तेही जमत नसेल तर ओला कचरा तुमच्याकडे दोन दिवस राहणार हे धरून चाला. प्रश्न ९ मधली कोरडे थर देण्याची पद्धत अशा घरांना अगदी गरजेची आहे. कामावर जाताना पिशवी गाडीच्या हँडलला लावून वाटेतल्या कोंडाळ्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर भिरकावू नका. कोंडाळी काढून टाकलेल्या जागांवर पुन्हा ढीग साचतात ते याच पिशव्यांचे.

९. झाकण लावूनही वास येतो आणि उन्हाळ्यात तर अळ्या होतात. काय चुकते?

पाणी. ओल्या कचऱ्याला हवा मिळाली नाही आणि त्यात आमटीचे, ताकाचे, भाज्या धुतल्याचे पाणी साचले की तो कुजत नाही, सडतो. तळाला उतरलेला काळा रस हाच वासाचा उगम असतो.

खरकटे आधी सिंकमधल्या जाळीत पाच मिनिटे निथळू द्या. तळाला वर्तमानपत्र, त्यावर मूठभर वाळका पाचोळा, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट. प्रत्येक वेळी कचरा टाकल्यावर वरून पुन्हा थोडा भुसा. कलिंगडाच्या साली आणि आंब्याच्या दिवसांतल्या कोयी पाण्याने भरलेल्या असतात, तेव्हा भुसा दुप्पट लागतो.

अळ्या माशीच्या. माशीची अंडी उन्हाळ्यात एका दिवसाच्या आत फुटतात, म्हणून आज उघड्यावर राहिलेल्या कचऱ्यात उद्या अळ्या दिसणारच. झाकण बंद ठेवा. मासे-मटणाचे उरलेसुरले वेगळ्या घट्ट डबीत ठेवून गाडी येण्याच्या वेळेलाच ओल्यात मिसळा.

डबा रोज तांब्याभर पाण्याने खंगाळा आणि आठवड्यातून एकदा धुण्याच्या सोड्याने घासून उन्हात पालथा घाला. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र वापरू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

१०. सुका कचरा किती दिवस साठवता येतो? भंगारवाल्याला दिला तर चालतो का?

कोरडा असेल तर पंधरा दिवस, महिनाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. तो बारीक तुकडा हरवतो आणि गटारात जातो. चीर द्या, पिशवी एकदा खंगाळा आणि उलटी करून दोरीवर वाळत घाला. तेल-तुपाचे पाऊच कापून पुसले तरी पुरते. खोकी चपटी करा, बाटल्या दाबून झाकण परत लावा. ५० किलोच्या धान्याच्या पोत्यात एका कुटुंबाचा बहुतेक महिनाभराचा सुका कचरा मावतो.

रद्दी, पुठ्ठा, पत्रा आणि बाटल्या भंगारवाल्याला जरूर द्या. नियम आड येत नाहीत आणि वस्तू लवकर पुनर्वापराला जाते. वेफर्सची चकचकीत पाकिटे आणि थर्माकोल तो घेत नाही. ते सुक्यातूनच घंटागाडीला द्या. असे प्लास्टिक कोरडे राहिले तर सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून तरी जाते. खरकट्याने बरबटलेले असेल तर तेही नाही.

११. सॅनिटरी पॅड, बाळाचे आणि म्हाताऱ्या माणसांचे डायपर कसे द्यायचे?

डायपरमधली घाण आधी संडासात टाका. मग घट्ट गुंडाळी करून चिकटपट्टी लावा, वर्तमानपत्राचे दोन वेढे द्या आणि बाहेरून लाल पेनने मोठी फुली किंवा ठिपका काढा. पॅड असो वा डायपर, कामगाराला न उघडता कळले पाहिजे की हे चिवडायचे नाही.

अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असेल तर दिवसाला चार-पाच डायपर होतात आणि ते जड असतात. त्यांच्यासाठी पायाने झाकण उघडायचा वेगळा डबा घ्या आणि तो रोज द्या. लघवीच्या पिशव्या संडासात रिकाम्या करून मगच गुंडाळा.

संडासात पॅड टाकून पाणी ओतणे हा सगळ्यांत महागडा मार्ग ठरतो. पॅड फुगते, चेंबर तुंबते आणि ते काढायला माणसाला उतरावे लागते.

१२. मिरजेत ऑपरेशन झाले, आता घरी ड्रेसिंग आणि इंजेक्शने चालू आहेत. सुया आणि औषधे कशात टाकू?

मिरजेतल्या दवाखान्यांमुळे हा प्रश्न वरचेवर येतो. इन्सुलिनच्या सुया असोत की पेनच्या, सुक्यात कधीही सुट्या टाकू नका. फिनेलची किंवा शॅम्पूची जाड प्लास्टिकची बाटली घ्या. सुई वापरली की टोपण परत लावायच्या भानगडीत न पडता लगेच टोकाकडून आत सोडा. टोपण लावतानाच बोटाला टोचते. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळा, वर ‘सुया’ लिहा आणि विशेष काळजीच्या कचऱ्यात द्या. ड्रेसिंगला दवाखान्यातून नर्स येत असेल तर वापरलेल्या सुया आणि रक्ताळलेला कापूस परत दवाखान्यात नेता येईल का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

मुदत संपलेल्या गोळ्या खोक्यातून काढा. खोके रद्दीत, गोळ्यांची पट्टी विशेष काळजीत. गोळ्या आणि सिरप मोरीत ओतू नका.

१३. बल्ब, सेल आणि कीटकनाशकाच्या बाटल्या कशात? द्राक्षाच्या पेटीत एक कागदी पॅड असतो, तो कशात?

हे सगळे विशेष काळजीच्या खोक्यात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो. नव्या ट्यूबच्या खोक्यात जुनी घालून ठेवा. फुटलीच तर पंखा बंद करून खिडक्या उघडा, सगळ्यांना पंधरा मिनिटे खोलीबाहेर काढा, केरसुणी न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, ओल्या कागदाने फरशी पुसा आणि सगळे बरणीत बंद करा.

मोबाइल, पॉवरबँक आणि खेळण्यांतले लिथियम सेल सुक्यात गेले आणि कचरा दाबताना चेपले की पेट घेतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या.

द्राक्षाच्या पेटीतला पॅड म्हणजे ग्रेप गार्ड. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते आणि ओल लागली की सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षे टिकतात ती त्यामुळेच. म्हणून तो ओल्या कचऱ्याच्या बंद डब्यात टाकू नका. झाकण उघडताना तो वायू नाकातोंडात जातो आणि दमेकऱ्याला त्याचा ताबडतोब त्रास होतो. कोरड्या कागदात गुंडाळून वेगळा ठेवा.

बाग तासगाव-पलूसकडे आणि राहणे शहरात, अशा घरांत औषधांच्या रिकाम्या बाटल्या येतात. त्या मुळात घरी आणायच्याच नाहीत. शेतातच तीनदा धुऊन ते पाणी फवारणीच्या टाकीत घाला आणि बाटलीला भोके पाडा, म्हणजे कुणी तिच्यात पाणी किंवा तेल भरणार नाही.

१४. आमची बारा फ्लॅटची अपार्टमेंट आहे. सामाईक डबे कसे ठेवावेत?

बारा घरांचा ओला कचरा दिवसाला १२ ते १८ किलो. त्याला चाकाचा १२० लिटरचा एक डबा पुरतो आणि तो अर्धाही भरत नाही. सुक्याला २४० लिटरचा घ्या. उलटे करू नका: २४० लिटरचा डबा ओल्या कचऱ्याने भरला तर वजन शंभर किलोच्या आसपास जाते आणि रॅम्पवर तो एका माणसाला आवरत नाही.

जागा फाटकाजवळ हवी, फरशीला हलका उतार आणि निचऱ्याला जाळी. वर पत्रा असावा, कारण पावसाचे पाणी डब्यात गेले की दिवसाचे काम तिप्पट होते. सॅनिटरीचा डबा वेगळा, झाकणाचा. सुया आणि सेल सामाईक डब्यात नकोत. महिन्यातून एक दिवस ठरवून ते गोळा करावेत.

दर वेळी निघणारा वाद म्हणजे ‘मिसळलेला कुणी टाकला?’ सामाईक डबे वापरण्याऐवजी कामगाराने प्रत्येक दारातून वेगवेगळा घ्यायचा, एवढा बदल केला की हा वाद बहुधा आपोआप मिटतो.

ज्या संकुलाचे बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर, रोजचा पाण्याचा वापर ४०,००० लिटर किंवा रोजचा कचरा १०० किलो, यांपैकी एका मर्यादेला पोचते, ते मोठे कचरा उत्पादक ठरते. माणशी १३५ लिटर पाणी धरले तर साधारण ७५ फ्लॅटचे संकुल पाण्याच्या अटीतच बसते. अशांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो जागेवरच प्रक्रिया करायची असते.

१५. घरीच खत केले तर ओला डबा द्यायचा नाही, चालेल ना?

चालेल, आणि नियमांनाही तेच हवे आहे. तळाला आणि कडेला भोके असलेल्या दोन कुंड्या घ्या. जितका ओला तितकाच, आकारमानाने, वाळका पाचोळा घाला आणि दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. दीड ते दोन महिन्यांत खत होते. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात ते वाळून थांबते, तेव्हा पाणी शिंपडा. पावसाळ्यात झाका. मटण-मासे आणि तेलकट पदार्थ त्यात न घालता ते गाडीलाच द्या. कुंडी शेजाऱ्याच्या खिडकीखाली नको.

१६. बंबाची राख, बागेचा पाचोळा, गोठ्यातले शेण, हे गाडी घेते का? पाचोळा जाळला तर?

राख पूर्ण निवल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, पाणी शिंपडून द्या. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा असतो आणि त्याने प्लास्टिकचा डबाच काय, गाडीतला कचराही पेटतो.

बागेचा कचरा वेगळा, स्वतःच्या हद्दीत ठेवायचा. रोजच्या ओल्यात फांद्या घालू नका. शेण गाडीत चालत नाही आणि गटारात धुऊन सोडायचेही नाही. ते खड्ड्यात किंवा शेतावर.

जाळणे पूर्ण बंद. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरपाई घ्यावी, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे.

१७. बाथरूमची फरशी बदलली. राडारोडा पोत्यात भरून गाडीला देऊ का?

नाही. तो स्वतःच्या हद्दीत वेगळा ठेवा आणि प्रभाग समितीच्या कार्यालयात विचारून ठरलेल्या जागी स्वखर्चाने पोचवा. गवंड्याशी बोली करतानाच हे धरून घ्या, नाहीतर रात्रीतून ती पोती ओढ्याच्या काठाला जातात. जुन्या गाद्या आणि कपाटेही आधी कळवूनच.

१८. घरी वास्तुशांत आहे, दीडशे माणसे येणार. वेगळी काही परवानगी?

परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी महापालिकेला कळवायचे आणि कचरा वेगवेगळा करून द्यायची जबाबदारी यजमानाची. आचाऱ्याला पानांच्या पत्रावळ्या आणि स्टीलचे पेले सांगा. हात धुण्याच्या जागेजवळ दोन पिंप ठेवा: एकात फक्त उरलेले अन्न, दुसऱ्यात पत्रावळ्या. पिंपापाशी एक माणूस उभा केल्याशिवाय हे टिकत नाही.

१९. आम्ही वेगळा देतो, पण गाडीत सगळे एकत्र टाकतात. आणि गाडी तीन दिवस आलीच नाही तर?

राग रास्त आहे. गाडीत वेगळे कप्पे असणे हा नियमाचाच भाग आहे. गाडीचा क्रमांक, वेळ आणि कप्प्याचा फोटो घेऊन प्रभागाच्या स्वच्छता निरीक्षकाकडे आणि केंद्र सरकारच्या ‘स्वच्छता’ ॲपवर तक्रार करा. गाडीवरच्या कामगाराशी भांडून उपयोग नाही; कप्पे त्याने बनवलेले नसतात. गल्लीतल्या दहा घरांनी एकाच दिवशी केलेली तक्रार एकट्याच्या दहा तक्रारींपेक्षा लवकर हलते.

तरीही वेगळे करणे सोडू नका. कोरडा राहिलेला सुका माल पुढे वेचला जातो. मिसळलेला थेट समडोळी रस्त्याच्या किंवा बेडग रस्त्याच्या डेपोवर पडतो. हे आपल्या भागात जमत नाही असेही नाही: २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिले आले ते शेजारचे कऱ्हाड.

गाडी येत नाही त्या दिवसांत ओल्याला भुशाचे जाड थर द्या (प्रश्न ९) आणि डबा भरला तर दुसरी झाकणाची बादली लावा.

२०. पुराची सूचना आली की डब्यांचे काय करायचे? आणि पाणी उतरल्यावर?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, मारुती चौकाच्या परिसरातल्या लोकांनी २०१९ आणि २०२१ मध्ये काय झाले ते पाहिले आहे. पाणी चाळीस फुटांकडे चढू लागले की पहिले काम विशेष काळजीच्या खोक्याचे. औषधे, सेल, कीटकनाशके, रंग आणि ॲसिड वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर हलवा. यातली एखादी बाटली पुराच्या पाण्यात फुटली तर नुसते तुमचे घर नाही, अख्खी गल्ली त्या पाण्यात चालते.

मग ओला डबा रिकामा करून धुऊन वर न्या. सुक्याचे पोते तोंड बांधून उंच ठेवा, नाहीतर तरंगत जाऊन गटाराच्या तोंडाशी अडकते. चाकाचे मोठे डबे साखळीने खांबाला बांधा.

पाणी उतरल्यावर सगळे एकाच ढिगात ओढून काढायची घाई होते. तिथेच काम दुप्पट होते. दारापुढे, रस्ता मोकळा ठेवून, चार ढीग करा: भिजलेल्या गाद्या-कपडे, लाकूड-फर्निचर, विजेची उपकरणे, आणि सडलेले धान्य. गाळ यांपैकी कशातही मिसळू नका. चिखलात माखलेला ढीग यंत्राने उचलला तरी पुढे कशाच्याच उपयोगाचा नसतो. सडलेले गहू-ज्वारी पोत्यासकट न देता पोते फोडून द्या. बंद पोत्यात ते गरम होऊन आंबते. मेलेले जनावर दिसले तर हात न लावता महापालिकेला कळवा.

हे सगळे रबरी बूट आणि हातमोजे घालूनच. गाळात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते पायाच्या छोट्याशा जखमेतूनही शिरतात. ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केल्याचे आवर्जून सांगा.

२१. डबाच फुटला आहे. तो कशात टाकायचा?

धुऊन, वाळवून सुक्यात. कडीची तार काढून वेगळी द्या, आणि कामगाराला सांगा की हा डबाही न्यायचा आहे, नाहीतर तो रिकामा करून परत दारात ठेवतो. नुसती चीर गेली असेल तर तळाला भोके पाडून प्रश्न १५ मधल्या खताला वापरता येतो.